गादीवरचा ॲरिस्टॉटल

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मन वळवण्याच्या कलेवर अख्खा ग्रंथ लिहिला. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क, यांवर त्याची सगळी भिस्त. बिचाऱ्यावर पुण्याच्या लक्ष्मी रोडवर साडी घ्यायची वेळ आली नव्हती. आली असती, तर तर्काचं प्रकरण त्याने गाळलंच असतं.

पांढऱ्या गादीवरचे भाऊ सुरुवातच अशी करतात, "घेऊ नका ताई, नुसतं बघा. बघायला काय पैसे पडतात?" मग बजेट विचारतात. ताई तीन हजार म्हणतात. भाऊ समजूतदारपणे मान डोलावतात आणि नऊ हजारांची पैठणी उलगडतात, "फक्त फरक कळावा म्हणून." फरक कळतो. त्यानंतर तीन हजारांची साडी पायपुसण्यासारखी दिसायला लागते.

तोंडाइतकेच हातही चालू असतात. भाऊ मिशांसकट उभे राहतात, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकतात, निऱ्या धरतात, आणि कुणालाही हसू येत नाही! प्राचीन ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस तोंडात गारगोट्या धरून भाषणाचा सराव करायचा म्हणे. त्याने निऱ्या धरून बघायला हव्या होत्या.

स्टुलावरच्या नवऱ्याला चहा मिळतो. विरोधी पक्ष कपभरात गार. तो पाय मोकळे करायला उठतो, तेवढ्यात भाऊ म्हणतात, "बघा, साहेबांनाही आवडली!"

समोर मोडलेल्या घड्यांचा ढीग. आता तसंच उठायचं म्हणजे अगदीच लाज वाटते.

फॉल-पिकोचे पैसे वेगळे, हे बिल झाल्यावर कळतं.