नव्वद दिवसांचे सोवळे

२००३ साली अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानकसंस्थेतल्या बिल बर यांनी पासवर्डचे नियम लिहिले: मोठे अक्षर, आकडा, चिन्ह हवेच, आणि ठरावीक काळाने सगळे बदला. जगभरच्या कार्यालयांनी ते पोथीसारखे देव्हाऱ्यात ठेवले. माणसाने तोडगा काढला. मुलीच्या नावाचे पहिले अक्षर मोठे केले, शेवटी १ आणि उद्गारचिन्ह. मुदत संपली की १ चा २. चोरांचे प्रोग्राम नेमके हेच आधी करून पाहतात.

२०१७ मध्ये निवृत्त बर यांनी जाहीर खेद व्यक्त केला. निस्टनेही नियम फिरवले: लांबी वाढवा, फुटल्याचा पुरावा असेल तरच बदला. आपल्याकडच्या कित्येक संगणक विभागांना ही वार्ता अजून कळायची आहे. तिथे दर नव्वद दिवसांनी लाल अक्षरांत फर्मान निघते आणि कीबोर्डखालची चिठ्ठी बदलते. साहेबांचा पासवर्ड तर शिपायालाही पाठ, कारण साहेबांची हजेरी तोच लावतो.

२००९ मध्ये ‘रॉकयू’ कंपनीचे तीन कोटींहून अधिक पासवर्ड फुटले. सर्वांत लाडका: १२३४५६. लोक हसले. पण कंपनीने सगळे पासवर्ड उघड्या मजकुरात साठवले होते. ग्राहकांनी चिन्हांची रांगोळी काढली असती तरी तीही चोरीला गेली असती. उपदेश मात्र नेहमी ग्राहकालाच.

तेव्हा मंडळी, पासवर्ड मॅनेजर वापरा, प्रत्येक खात्याला वेगळा लांबलचक पासवर्ड द्या, आणि मुलीचे नाव लग्नपत्रिकेसाठी राखून ठेवा.