छंदाची चाबी

सिंदी मेघेत निवृत्त माणसाला दोनच छंद शोभतात: सकाळी फिरणं आणि दुसऱ्याचा प्लॉट नजरेनं मोजणं. मी तिसरा धरला, बिनचाबीचं कुलूप उघडण्याचा. कुलूप माझंच, पदरचे पैसे मोजून आणलेलं. हे गल्लीत तीनदा सांगावं लागलं.

कला साधी. आत स्प्रिंगवर बसवलेल्या खिट्ट्या असतात. एका पट्टीनं कुलपाचा गाभा किंचित पिळून धरायचा, दुसऱ्या आकड्यानं एकेक खिट्टी ढकलायची. 'टक्' झालं की पुढची. जोर लावला की सगळंच अडतं (हे लग्नानंतर कळलंच होतं).

1851 साली लंडनमध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकनानं ब्रामा कंपनीचं नामांकित कुलूप 51 तास खपून उघडलं, वर इनामही घेतलं. मला सव्वा तास लागला. इनाम म्हणून शेजारच्या काकांनी अंगणातली सायकल घरात घेतली.

खऱ्या चोराला एवढा धीर कुठला? तो टॉमी घालून कोयंडाच उपटतो. जवळच्या सेवाग्रामातून तर बापूंचा चष्माही गेला. 2011 मध्ये बोभाटा झाला. अपरिग्रहाच्या घरीच चोरी!

परवा सौ. चाबी आत विसरली. मी आकडा काढला, गल्ली जमली. तासाभरानं चाबीवाल्याला फोन काकांनीच केला.