निवडीची मुभा आणि गोठ्याचा वास

पशुवैद्यक पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील अखेरचे वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे दवाखाने, पशुधन प्रक्षेत्रे इत्यादी ठिकाणी प्रत्यक्ष काम करून शिकण्याचे असते. या काळात जेथे ठिकाण निवडण्याची मुभा मिळते, तेथे विद्यार्थ्याची ज्ञानलालसा नेमकी महानगरातील वातानुकूलित श्वान-चिकित्सालयाकडेच का झेपावते, हा संशोधकांनी अद्याप हाती न घेतलेला विषय आहे. मुंबईत 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा शहरातील ट्राम घोडे ओढत असत. आज त्या घोड्यांची जागा लाब्राडोरने घेतली असून तो काहीच ओढत नाही, उलट मालकालाच ओढतो.

गोठ्यातील शिक्षण याहून कमी सुवासिक असते. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवून गाईच्या गुदाशयात हात घालायचा आणि त्याच्या भिंतीआडून गर्भाशय चाचपून ती गाभण आहे की नाही हे ठरवायचे, या क्रियेला गुदमार्गी तपासणी म्हणतात. गाय नेमकी त्याच क्षणी शेण टाकते, ते कोपरावरून ओघळते, आणि शेजारी उभा असलेला पशुपालक मात्र उत्तराची वाट पाहत असतो. हे कौशल्य हात शेकडो वेळा आत गेल्यावरच अंगवळणी पडते, चित्रफितीने नव्हे. पशुपालकाला मात्र कोणता डॉक्टर गोठ्यात यावा, हे निवडण्याची मुभा कोणत्याही नियमावलीने दिलेली नाही.