आमचा समुद्र पूर्वेला

रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीने गेल्या महिन्यात समुद्र वाचवला. साहेबांनी झेंडा दाखवला आणि पहाटे चारला दोन बस अलिबागच्या दिशेने सुटल्या. माणशी एक टी-शर्ट, एक टोपी, रबरी हातमोजे आणि पाण्याच्या दोन बाटल्या. टी-शर्ट मळू नयेत म्हणून प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. किनाऱ्यावर वेचलेला कचरा वजनकाट्यावर चढला, फोटोत आला आणि सीएसआरच्या अहवालातही जाऊन बसला. नाश्त्याच्या थर्माकोलच्या प्लेटा मात्र मोजल्या नाहीत. तो कचरा समुद्राचा नव्हता ना, कंपनीचा होता.

उपक्रमाला नावं ठेवायची नाहीत. अलिबागला मासळीही चांगली मिळते. शंका एवढीच, की तो समुद्र आपला आहे का?

सह्याद्रीच्या अलीकडे पडलेलं आपलं पाणी पश्चिमेला जातच नाही. रांजणगावच्या ओढ्यात टाकलेली कॅरिबॅग घोड नदीत जावो नाहीतर थेट भीमेत, घोडही शेवटी भीमेलाच मिळते. भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमचा समुद्र आंध्रात, हंसलदीवीला. आणि आमचे हातमोजे अलिबागला.

बरं, ही कॅरिबॅग काही साधीसुधी नव्हे. संकष्टीला महागणपतीच्या दारात दूर्वा-फुलं घेऊन ती निघालेली. दौंड मागे टाकलं की भीमेकाठी सिद्धटेक, म्हणजे अष्टविनायकातला दुसरा गणपती बसल्याजागी घडला. पुढे उजनीच्या फुगवट्यात भिगवणचे रोहित पक्षी, मग पंढरपूर. तिथे चंद्रभागेचं स्नान, तेही दर्शनबारीत उभं न राहता. कर्नाटकात शिरल्यावर गाणगापूरचा संगम. रायचूरच्या बाजूला कृष्णेत उडी घेतली की श्रीशैलमचा मल्लिकार्जुन, विजयवाड्याची कनकदुर्गा आणि शेवटी सागर. एवढी यात्रा घरातल्या म्हाताऱ्यांना घडवायची तर ट्रॅव्हल्सवाला आधी ॲडव्हान्स मागतो. कॅरिबॅगला दुकानदाराने ती फुकटात घडवली.

अर्थात एवढी पुण्याई सगळ्याच पिशव्यांची नसते. वाटेत उजनी आहे, जुराळा आहे, नागार्जुनसागर आहे. बऱ्याच जणी तर तालुकासुद्धा ओलांडत नाहीत. कुणी केटी बंधाऱ्याच्या फळ्यांना चिकटते, कुणी जलपर्णीत गुंतते, कुणी ऐन पाळीच्या दिवशी मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला जाऊन बसते. उरलेल्या गाईच्या पोटात. पण ओढ्यात उतरून त्या काढणाऱ्या माणसाचा फोटो चांगला येत नाही हो, मागे लाटा नसतात.

कचरा समुद्रात पोचण्याआधीच धरावा, हा धडा हॉलंडच्या बोयान स्लाट नावाच्या तरुणाला पॅसिफिक महासागराने दिला. 2018 साली त्याच्या संस्थेने सॅन फ्रान्सिस्कोहून 600 मीटर लांबीची तरंगती नळी कचरा गोळा करायला समुद्रात सोडली. वर्ष सरता सरता तिचा एक तुकडा निखळला आणि सगळं धूड दुरुस्तीला माघारी आणावं लागलं. 2019 मध्ये त्याच संस्थेने नदीतच कचरा अडवणारी यंत्रं लोकांपुढे आणली. तो समुद्र बघून नदीवर आला. आम्ही नदी ओलांडून, पूल ओलांडून, घाट उतरून समुद्रावर जातो.

आता तुम्ही म्हणाल, कॅरिबॅगवर बंदी आहे. आहेच की! राज्यात 23 जून 2018 पासून कारवाई सुरू झाली, पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड. तेव्हापासून पिशवीची इज्जत किती वाढली! पूर्वी दुकानदार न बघता भिरकावायचा. आता आधी रस्त्याकडे नजर टाकतो, मग वाकून खालच्या फळीतून काढतो आणि वर "कागदात देऊ का?" असंही विचारतो. कागद कुणी घेत नाही.

हा सगळा भूगोल मी त्या कंपनीच्या एचआरच्या साहेबांपुढे मांडला. आपल्या ओढ्यावर एक जाळी बसवा, आठवड्याला ती साफ करायला दोन माणसं लावा, खर्च बसभाड्याहून कमी येईल, असंही सुचवलं. साहेब गंभीर झाले. म्हणाले, "तुमचा मुद्दा पटला. समुद्र चुकलाच आपला. पुढच्या वर्षी हंसलदीवीच करू."

दुपारी ग्रुपवर नोटीस पडली. संध्याकाळपर्यंत दोन्ही बस फुल्ल, तिसरीची मागणी आली. चौकशी म्हणाल तर एकच होती, येताना तिरुपती धरलंय ना?