हें आमगेर आसा

आमच्या मामांना जग दाखवायला नेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. जग त्यांनी आधीच पाहिलेले असते, आणि तेही पेडण्यात. डोंगर, देऊळ, धबधबा, काहीही समोर आणून ठेवा, मामा डोळे बारीक करणार, मान किंचित कलती करणार आणि म्हणणार, "हें आमगेर आसा." म्हणजे, हे आमच्याकडे आहे. यात बढाई नसते. एक-चौदाच्या उताऱ्यावर नोंद करावी इतक्या कोरडेपणाने ते सांगतात. आग्र्याला ताजमहालापुढे मात्र पाऊण मिनिट गप्प उभे होते. आम्हाला वाटले, जिंकलो. मग म्हणाले, "फोंड्याची साफा मशीद. तळे तिचे मोठे."

अशा माणसाला त्यांच्या लेकीने पोर्तोला बोलावले. ती तिथे नोकरीला आहे. मामा एकटे जाईनात आणि मामी म्हणाल्या, "म्हाळात घर कोण बघणार?" तेव्हा सोबतीला माझी नेमणूक झाली. मुहूर्त मामांनी ठरवला : चवथ संपल्यावर निघायचे आणि पुनवेच्या आत पेडण्यात हजर व्हायचे. पेडण्याची पुनव म्हणजे कोजागिरी. त्या रात्री भूतनाथ आपले देऊळ मागत रानाकडे धावतो आणि गावकरी समजूत घालून त्याला परत आणतात. ती चुकवून मामा स्वर्गातही राहणार नाहीत. विमान मोपाहून, म्हणजे पेडणे तालुक्यातूनच निघणार, यावर ते निम्मा प्रवास खूश होते. उरलेला निम्मा, मोपाच्या पठारावर आधी कुणाची काजूची झाडे होती ते मला सांगत होते.

पोर्तोचा सप्टेंबर सुखाचा. ऊन मऊ, संध्याकाळी समुद्रावरून गार वारा, आणि वर दोउरोच्या खोऱ्यात द्राक्षांची तोडणी चाललेली. मामांनी पहिल्या दिवसापासून कानटोपी चढवली. रिबैराच्या काठावर, त्या रंगीत उंच घरांच्या ओळीसमोर, मी त्यांना दगडी कठड्याशी उभे केले आणि वाट बघू लागलो.

"ही येते कुठून?" मामांनी विचारले.

"स्पेनमधून. तिथे हिला दुएरो म्हणतात, इथे दोउरो."

मान कलती झाली. "आमची शापोरा. महाराष्ट्रात तिळारी, गोव्यात आल्यावर शापोरा. हें आमगेर आसा."

यावर काय बोलणार? बरोबरच होते. फक्त ही बाई नऊशेच्या आसपास किलोमीटर चालून येते, हे मी गिळून टाकले.

काठाला राबेलो नावाच्या जुन्या लाकडी होड्या बांधून ठेवल्या आहेत. पूर्वी वरच्या मळ्यांतून दारूची पिंपे भरून त्या खाली येत. आता शिडांवर कंपन्यांची नावे मिरवत नुसत्या उभ्या असतात. इथे मामांचा चेहरा बदलला. त्यांची सारी नोकरी डिचोलीत, एका खाणीच्या धक्क्यावर गेली. कुठल्या बार्जमध्ये किती माल भरला आणि ती मुरगाव बंदराकडे किती वाजता सुटली, ते वहीत लिहायचे. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि बार्जी धक्क्याला लागल्या, तेव्हा मामा निवृत्त झालेले होते. तरी महिनाभर त्यांना अन्न गोड लागले नव्हते. राबेलोच्या लांबलचक सुकाणूकडे बघत ते बराच वेळ उभे राहिले. "हिच्यात किती टन मावत असेल?" मला ठाऊक नव्हते. "वही ठेवायला हवी होती कुणीतरी," असे पुटपुटून ते पुढे निघाले.

मामांचे पोर्तुगीज शाळेतले शिक्षण एका वर्षाचे. 1961 साली ते सात वर्षांचे होते. "बों दिय" आणि दहापर्यंत आकडे, एवढेच भांडवल. पण पलीकडच्या काठावर, गायामधल्या एका तळघरात, आम्हाला हिंडवणारी पोरगी एका प्रचंड लाकडी पिंपावर थाप मारून म्हणाली, "पीपा." साधारण साडेपाचशे लिटरची. मामा ताठ झाले. "पिंप!" ते ओरडले. मग खिशातून किल्ली काढून, "चावी!" पोरगी हसली, "शावी, शावी." मामांनी सदऱ्याचे बुतांव दाखवले, टेबलाला मेज म्हटले, बादली, साबण, बटाटा, अननस अशी झडी लावली. तिला प्रत्येक शब्द कळत होता. मागचे जर्मन जोडपे टाळ्या वाजवू लागले.

बाहेर आल्यावर मामा माझ्या कानाशी म्हणाले, "बघितलेस, किती शब्द नेले आमचे?"

"पप्पा, उलट आहे," मामेबहीण म्हणाली. "त्यांचे आपल्याकडे आले. साडेचारशे वर्षे होते ते गोव्यात."

"साडेचारशे तिसवाडी, बारदेस, साष्टीला," मामा थांबून म्हणाले. "पेडण्याला 1788 ला आले नि 61 ला गेले. एकशे त्र्याहत्तर." पेडणेकराला डिवचायचे असेल तर त्याला साडेचारशे वर्षांच्या हिशेबात धरावे.

त्या दिवसापासून मामा हॉटेलात जेवून झाले की हात वर करून वेटरला "पगार!" म्हणत. वेटर बिल आणून देई. मामांना वाटे, आपली पेडण्याची भाषा इथे चालते.

सां बेंतु स्टेशनच्या दालनात भिंतीभर निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, वीस हजारांच्या आसपास. त्यांवर लढाया, राजे, लग्नाच्या वराती. मान वर करून लोक थबकतात, त्यांची गाडी चुकते. मामा म्हणाले, "हें आमगेर आसा. पणजीक."

आता मात्र माझी सहनशक्ती संपली. म्हणालो, "मामा, प्रत्येक गोष्ट आपल्याकडे नसते. ज्याने हे केले तो मोठा चित्रकार होता, जॉर्ज कोलासो." मामा काही बोलले नाहीत. रात्री मी सहज शोधून पाहिले. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातल्या फरशा, ज्यांच्यासमोरून मी शेकडो वेळा गेलो असेन, त्या याच कोलासोच्या, 1935 च्या. सकाळी मी हे मामांना सांगितले नाही. आजवर सांगितलेले नाही.

दों लुईस पुलावर मात्र वेगळे घडले. लोखंडाची दुमजली कमान, वरून मेट्रो आणि माणसे, खालून मोटारी. मामा वरच्या मजल्यावर मधोमध थांबले. "कधीचा?"

"1886."

मामांनी बोटांवर काहीतरी मोजले. "आमचा मांडवी पूल 86 च्या जुलैत पडला. बरोब्बर शंभर वर्षे." पूल पडल्यानंतरचे ते दिवस, फेरीबोटीसाठीची ती झुंबड, हे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावे. "ह्यांचा अजून उभा."

मी म्हटले, आले रे आले! मामा कठड्यावर हात ठेवून नदीकडे बघत राहिले. खालून एक मेट्रो गेल्यासारखे वाटले, ती खरे तर आमच्या पाठीमागूनच गेली.

"पण आमगेर आता तीन आसात," मामा म्हणाले. "एकाला एक लागून."

"पप्पा, इथे सहा आहेत."

"आमचो तालुकोच कितलोसो!" एवढे बोलून ते चालू लागले. मांडवी पेडणे तालुक्यात नाही, ही गोष्ट दोघांनीही काढली नाही.

तीथ यायची होती ती याच मुक्कामात. मामांच्या वडिलांची. घरी धाकटे मामा करणारच होते, पण मामांना इथेही घास ठेवायचा होता. मामेबहिणीने उडदाचे वडे तळले, खीर केली, बरोबर आणलेल्या सोलांची कढी झाली. केळीचे पान मिळेना, म्हणून बोल्यांव बाजारातून कोबीच्या जातीचे एक रुंद पान आणले. त्याला ते कोवि म्हणतात, तेव्हा त्यावर मामांची हरकत नव्हती. मामा धोतर नेसून आणि कानटोपी घालून चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत उभे राहिले. "काव काव" म्हणाले. समोरच्या खिडकीतली म्हातारी बाहेर आली.

कावळा नाही. अर्धा तास गेला. पोर्तोच्या छपरांवर मुबलक आहेत ते गल, समुद्रपक्षी, कोंबडीहून मोठे, आवाज भांडखोर.

"बाबा कसे येतील इथे?" मामा हळूच म्हणाले. आजोबा जन्मभर पाकल्यांना, म्हणजे पोर्तुगीजांना, शिव्या घालत जगले होते. पोर्तुगालात येऊन वडा खाण्याइतके ते मवाळ झाले असतील, अशी कुणालाच खात्री नव्हती. खीर थिजली. मामेबहीण म्हणाली, "पप्पा, सोडून द्या." मामांनी पान किंचित पुढे सरकवले आणि कुणाला ऐकू न जाईल असे काही तरी बोलले. धाकट्याशी चाललेल्या घराच्या कज्ज्याबद्दल असावे, कारण मला "वाटणी" एवढेच ऐकू आले.

त्याच क्षणी एक भला थोरला गल कठड्यावर उतरला. पिवळी बाकदार चोच, रागीट डोळा. त्याने पानाकडे पाहिले, मामांकडे पाहिले. मग एक वडा उचलला, मान झटकून गिळला, दुसरा उचलला आणि नदीच्या दिशेने निघून गेला. खिरीला तोंड लावले नाही.

"बाबांना गोड आवडत नव्हते," मामा म्हणाले आणि आत जाऊन पोटभर जेवले.

पुनवेच्या चार दिवस आधी आम्ही मोपाला उतरलो. तेव्हापासून चक्र उलटे फिरू लागले. केरीला तेरेखोलच्या फेरीबोटीच्या रांगेत मामा म्हणाले, "आमच्या पोर्तोत सहा पूल." पेडण्याच्या बाजारात कोबी चिवडत, "आमच्या पोर्तोत हिचे पान एवढे." विजेचा खांब, गटार, पाव, काहीही दिसले की आमच्या पोर्तोत. तिसऱ्या दिवशी मामी म्हणाल्या, "मागीर आयलो कित्याक?"

पुनवेच्या रात्री देवळाजवळच्या गर्दीत धाकटे मामा भेटले. दोघा भावांत घराच्या वाटणीवरून दोन वर्षे नीट बोलणे नाही. मामांनी मोबाईल काढून त्यांच्यापुढे धरला. मला वाटले, पूल दाखवणार. पूल, नदी, स्टेशन, काही नव्हते. सतरा फोटो, सगळे त्या गलचे.

"तिथीच्या दिवशीचो," मामा म्हणाले. "वडे उचलले. खीर ठेवली."

धाकट्या मामांनी मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात चोचीकडे बराच वेळ निरखून पाहिले.

"नाक बाबांचेंच," ते म्हणाले.