ताणलेली पट्टी, ताणलेला दावा
जपानी कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांच्या हाताळणीने उपचार करणारे, केन्झो कासे यांनी 1970च्या दशकात विकसित केलेली किनेसिओलॉजी टेप ही गोंद लावलेली लवचिक सुती पट्टी त्वचा किंचित उचलून रक्ताला आणि लसिकेला, अर्थात ऊतींमधून वाहणाऱ्या द्रवाला, वाट मोकळी करून देते, असा सिद्धान्त आहे. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श हिच्या खांद्यावर ती झळकल्यानंतर या सिद्धान्ताला पुराव्याची निकड फारशी उरली नाही. पुढे पाठदुखीच्या रुग्णांना पट्टी ताणून आणि न ताणता चिकटवून पाहिली असता गुण जवळपास सारखाच आला, तरी ताणाची टक्केवारी शिकवणारे वर्ग पूर्ववत गांभीर्याने चालू आहेत. रंगाने परिणाम बदलत नाही, हे मात्र उत्पादकही मान्य करतात. रंगाची निवड बहुधा त्यामुळेच रुग्णावर सोपवली जाते.