काही खरं नाही

मुखेडच्या एका कचेरीत खिडकीजवळच्या टेबलामागं बसणाऱ्या या गृहस्थांना आम्ही 'खरंनाही' म्हणतो. माघारी. तोंडावर 'अप्पा'.

चहाचा पहिला घोट घेतला की अप्पा कपात बघतात. गार असेल तर टपरीवाल्याचं काही खरं नाही. गरम असेल तर आजकालच्या दुधाचं. जूनमध्ये पाऊस लांबला की सोयाबीन गेलं. आला की, "लई पडलालाय, मुळं सडतील." नेमका हवा तेवढा पडला की, "पीक जोरात येणार, म्हंजे भाव पडणार." या शेवटच्या वाक्यावर कुणीच बोलत नाही, कारण ते बऱ्याचदा खरं ठरतं.

मागं कचेरीत आनंदी कसं राहावं यावर व्याख्यान झालं. पाहुण्यांनी कागद वाटून सांगितलं, आयुष्यातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा. अप्पांनी लिहिलं, 'पंखा चालू आहे.' मग वर बघितलं, थोडं ऐकलं आणि पुढं जोडलं, 'पण खडखडतो.' बाकी कागद कोरा.

पाहुण्यांना त्यांची कीव आली. येऊ नये. अप्पांइतका तृप्त माणूस मी तालुक्यात पाहिला नाही. झोप गाढ, पचन उत्तम, रक्तदाब त्यांचा नाही, ऐकणाऱ्यांचा वाढतो.

एकदा त्यांची नांदेडला बदली झाली. मुखेडला रेल्वे नाही, हे त्यांचं जुनं, मुरलेलं दुःख. तिथं तर खोलीच स्टेशनाजवळ मिळाली. नळाला पाणी, दारात रिक्षा. महिन्याभरात माणूस वाळला. सहा महिन्यांत विनंती अर्ज करून परत आला. उतरल्या उतरल्या रस्त्याकडं बघून म्हणाला, "काही खरं नाही," आणि तोंडावर तेज आलं.

तालुक्यातल्या लेंडी नदीवरचं धरण हा त्यांचा खास प्रांत. १९८६ पासून रखडलेल्या धरणावर माणूस किती वर्षं बोलू शकतो, हे त्यांच्याकडून शिकावं. पण २०२५ च्या ऑगस्टात लेंडीचं पाणी रावणगाव, हसनाळ या गावांत शिरलं, माणसं गेली, तेव्हा अप्पा गप्प झाले. आठवडाभर डबे भरत होते, पोती उचलत होते. त्यांचे ते तीन शब्द एकदाही ऐकू आले नाहीत, आणि आम्हालाच भीती वाटू लागली. पंधराव्या दिवशी कचेरीत चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "पाणचट हाय." शिपायानं देवाला हात जोडले.

घरी काकूंनी हे सगळं केव्हाच ओळखलंय. नवरा दारात आला की त्या आधी एक वाईट बातमी देतात. दूध नासलं, मोटर जळली, काही नसलंच तर शेजाऱ्यांकडं पाहुणे आलेत आणि त्यांची गाडी आपल्या दारात उभी आहे. अप्पा खुशीत हातपाय धुतात.

परवा मात्र पंचाईत झाली. पोरगी पहिल्या श्रेणीत पास झाली, लातुरात प्रवेश मिळाला, होस्टेलही मिळालं. अप्पा भिंतीला टेकून उदास. पेढ्याला हात लावेनात. काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या,

"अवो, तिथल्या मेसचं वरण लई पातळ हाय म्हणं."

अप्पा ताठ बसले. "मी म्हणलं नव्हतं?" त्यांनी पेढा उचलला.